तिसावी खरेदी

२ एप्रिल, मंगळवार

कंजूष तुम्ही. मी नाही. आधी तो शब्द मागे घ्या आणि मग पान उलटा, नाहीतर वही जिथून उचललीत तिथे ठेवा. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण दुसऱ्याची वही उघडणाऱ्याने निदान ऐकून तरी घ्यावं. बँक आपणहून पैसे परत देते म्हणते आणि मी घेते, यात कंजूषपणा कुठे आला? न घेणं हा माज झाला.

तर झालं असं. बँकेने जुनं कार्ड बदलून नवीन पाठवलं, सोबत एक गुळगुळीत कागद. एका महिन्यात तीस खरेद्या करायच्या, त्याही दुकानात जाऊन, मशीनला कार्ड लावून. घरी बसून फोनवरून मागवलेलं धरणार नाहीत. तीस झाल्या की महिन्याच्या सगळ्या खर्चावर पाच टक्के कॅशबॅक. एकोणतीस झाल्या तर शून्य. लॅबमधल्या सगळ्यांना हा कागद आला आणि सगळ्यांनी टाकून दिला. मी घडी करून पाकिटात ठेवला.

मला भिंगाचा दिवा हवाय. टेबलाला अडकवायचा, मान वाकवता येणारा. मी कवळ्या करते. लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे येतात, त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, आणि सुळा किंचित तिरका ठेवायचा, कारण खऱ्या माणसाचे दात कधी शहाण्यासारखे उभे राहत नाहीत. लॅबमध्ये एकच दिवा आहे आणि तो सरांच्या नाकासमोरून हलत नाही. किंमत एकोणीसशे. तो मी बँकेच्या पैशातून घेणार.

दुसरा एक कागद या वहीच्या मागच्या कव्हरात खोचलाय. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबचं पत्र. तिथे सिरॅमिकचे दात करतात, उजेड आरपार जाणारे, आणि मला शिकवायला तयार आहेत. पगार दीडपट. एकतीस मेपर्यंत कळवायचं. बाबांना सांगितलेलं नाही. सांगून करू काय, जाता तर येणार नाही. आई गेल्याला चौदा महिने झाले, आणि चौदा महिने बाबा चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेले नाहीत. या माणसाने चौतीस वर्षं गावभरच्या लिफ्टा दुरुस्त केल्या. आता खुर्चीत बसून आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचा आवाज ऐकतात आणि सांगतात, दुसऱ्या मजल्यावर घासतेय. ताट वाढलं तर जेवतात. नाही वाढलं तर भूक लागलीय हेच त्यांच्या लक्षात येत नाही. त्यांना टाकून रेल्वेने नऊ तास लांब? विषय संपला. दिव्याचं बोलू.

५ एप्रिल, शुक्रवार

चार दिवसांत खरेद्या दोन. लॅब आहे गोदामांच्या मध्ये, आजूबाजूला टायर आणि पत्रे. टायर किती घेणार?

संध्याकाळी बाबांना म्हटलं, तुम्ही जरा खाली जाऊन काहीबाही घ्याल का कार्डाने. म्हणाले, मला काय हवंय खालून. मी म्हटलं, तुम्हाला नको, मला हवंय. त्यावर टीव्हीचा आवाज वाढवला. मग मी आपली वैतागून किराणावाल्याच्या मशीनला शिव्या देत बसले, की मेलं एका वेळेला कार्ड वाचेल तर शपथ, तीन-तीनदा लावावं लागतं.

बाबांनी टीव्ही बंद केला.

"तीनदा? मग आतली पट्टी घाण झाली असणार."

मी म्हटलं, असेल. दहा मिनिटांनी बघते तर पायात चपला, एका हातात स्पिरिटची बाटली आणि दुसऱ्यात जुन्या बनियनचा तुकडा. कार्ड मागितलं. मशीन तपासायला लागेल म्हणे.

मीठ घेऊन आले. पट्टी घाणच होती.

८ एप्रिल, सोमवार

माझी चूक झाली. मी बाबांना सांगितलं की एकदम घेऊ नका, सुटं सुटं घ्या, म्हणजे आकडा वाढतो. विसरले की हा माणूस मेकॅनिक आहे. मेकॅनिकला सूचना दिली की तो ती तंतोतंत पाळतो.

कार्ड लागलं की मेसेज माझ्या फोनवर येतो. सकाळी मी वरच्या पटाशीचे दात बसवत होते. किराणा, बारा. किराणा, बारा. किराणा, आठ. किराणा, पस्तीस. किराणा, बारा. सर म्हणाले, कोणाला झटके येतायत? घरी आल्यावर कळलं की अर्धा किलो बटाटे चार हप्त्यांत घेतले. मागे सात माणसांची रांग. एका बाईंनी विचारलं, आजोबा, प्रत्येक बटाट्याचं वेगळं बिल करताय का. बाबा म्हणाले, हो, तसंही चालेल.

किराणावाल्याने फर्मान काढलंय: दिवसाला एकच वेळ कार्ड. मी आठवड्यातून दोनदा माफी मागायची.

पण हेही लिहायला हवं, कारण वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलंय. बाबा हे सांगताना हसत होते. आवाज येत नव्हता, पण खांदे हलत होते.

१६ एप्रिल, मंगळवार

नवीन दुकान. मेसेज: बटण-दोरा भांडार, सहा. घरी विचारलं तर म्हणाले शर्टाचं बटण तुटलं होतं. कुठल्या? म्हणाले, आहे एक. सहाला एक बटण घेतलं तरी खरेदी एकच धरली जाते, म्हणजे पैसे कमी आणि मोजणी पूर्ण. मी पाठ थोपटली. बाबा आता मुरलेत यात.

त्यानंतर चहाची टपरी, वीस. चांगलं आहे.

या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग पडलाय. मी चहा घेत नाही, ॲसिडिटी होते. बहुतेक ओट्यावर वही ठेवली असणार.

२३ एप्रिल, मंगळवार

बटण, बटण, बटण. दर दोन दिवसांनी अकराच्या सुमाराला एक बटण आणि मग चहा. मी म्हटलं, अहो बाबा, जरा बदल करा, बँकेला संशय येईल. तर म्हणे ती बाई कुरकुर करत नाही, दुकान रिकामंच असतं, कितीही वेळ उभं राहिलं तरी चालतं. मी म्हटलं, एका बटणाला कितीसा वेळ लागतो. म्हणाले, निवडायला लागतो.

३० एप्रिल, मंगळवार

एकोणतीस!

हे उद्गारचिन्ह मी कागद फाटेपर्यंत गिरवलंय. एकोणतीस. सकाळपर्यंत अठ्ठावीस होत्या, एक बटण आणि एक चहा, झाल्या तीस, इतकं सोपं गणित. बटणाचा मेसेज आला. चहाचा येईना. साडेपाचला लॅबमधून निघाले तरी येईना. आणि कार्ड बाबांच्या खिशात. घरी पोचेपर्यंत किराणा बंद, आज हिशोबाचा दिवस म्हणे.

बाबांना विचारलं, चहा प्यायला नाहीत का? प्यायलो की. मग कार्ड? म्हणाले, आज मला पैसे देऊ दिले नाहीत.

"कोणी?"

"चहावाल्याने."

टपरीवाला फुकट चहा द्यायला लागला, तोही नेमका आजच. मी त्याला उद्या जाऊन सांगणार होते की भल्या माणसा, आमच्यावर उपकार करू नको. पण बाबांनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात तीस करून देतो. शब्द देतो. हा माणूस वर्षभरात पुढच्या महिन्याबद्दल काही बोलला नव्हता. मी जास्त ओरडले नाही.

६ मे, सोमवार

चहा चाळीस! महागाईला धरबंध राहिलेला नाही. गेल्या महिन्यात वीस, या महिन्यात चाळीस, दर वेळी. लॅबमध्ये सांगितलं तर सर म्हणाले, त्यांच्या गल्लीत अजून वीसच आहे. म्हणजे आमच्याच टपरीवाल्याने लूट मांडलीय. गेल्या महिन्यातला फुकट चहा आता वसूल करतोय, दुसरं काय.

१० मे, शुक्रवार

सलून, ऐंशी. घरी दाढीचं सगळं सामान आहे, नवं कोरं ब्लेडचं पाकीट आहे, तरी ऐंशी. एवढं करून विचारलं तर म्हणे मोजणीसाठी. मग मी काय बोलणार, नियम माझाच.

अंघोळ करताना शीळ घालत होते. मला वाटलं नळात हवा अडकली.

१४ मे, मंगळवार

हार्डवेअर, दोनशे दहा. हार्डवेअर, नव्वद. घरात एक खिळा नवीन आलेला नाही. काय घेतलं? म्हणाले, दोन पुली आणि दोरी. कशाला? लागते कधीतरी.

मेडिकल, एकशे पंचवीस. गुडघ्याचं मलम. बाबांचे गुडघे ठणठणीत आहेत, परवा लिफ्ट बंद होती तर चार मजले चढून आले आणि वर येऊन दम मला लागला होता की त्यांना हेच कळेना. मलमही घरात दिसत नाही. हे काय चाललंय?

१९ मे, रविवार

आज कपाट आवरताना बरणी सापडली. लोणच्याची जुनी बरणी, आत बटणं. मी चादरीवर ओतून बघितली. पंधरा. सगळी वेगळी. शिंपल्याची, लाकडाची, एक कोटाचं मोठं, एक बाहुलीच्या फ्रॉकला लागेल एवढं बारीक. दोन सारखी नाहीत. म्हणजे कुठल्याच शर्टासाठी नाहीत. आणि बाबांच्या एकाही शर्टाचं बटण तुटलेलं नाही, मी सगळे उलटेपालटे करून बघितले.

आत्याला फोन केला. ती ऐकून म्हणाली, दादाला विसर पडायला लागला असेल गं, आमच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं, रोज एक वर्तमानपत्र दोनदा आणायचे. मी म्हटलं, पण हे खुशीत असतात. आत्या म्हणाली, सासरेही खुशीतच होते.

तेच दुकान, दर वेळी एक बटण, आपण परवा घेतलं होतं हे आठवत नाही, म्हणून आज पुन्हा. मलम आणलं ते कुठे ठेवलं ते आठवत नाही. पुली कशाला आणली ते आठवत नाही. सगळं जुळतंय. आणि मी मूर्खासारखी मोजणी करत बसले.

२२ मे, बुधवार

ठरलं. नकार कळवायचा. कच्चा मसुदा इथेच लिहून ठेवते, एकतीसला संध्याकाळी पाठवीन.

"आपण दिलेल्या संधीबद्दल आभार. घरच्या अडचणीमुळे मला रुजू होता येणार नाही. वडिलांना एकटं ठेवणं शक्य नाही. क्षमस्व."

चार वाक्यं. लिहायला एक तास लागला. सिरॅमिकचा दात मी एकदाच हातात धरला होता, सरांच्या ओळखीच्या एकाने दाखवायला आणला होता. खिडकीसमोर धरला तर कडेला निळसर दिसला, खऱ्यासारखा. असो.

२४ मे, शुक्रवार

माझंही डोकं ठिकाणावर नाही. मसुद्याच्या पानावर परत चहाचा गोल डाग. आणि कव्हरातल्या पत्राची मी चौघडी घातली होती, आता ते तीन घड्यांत आहे. मीच काढून वाचलं असणार आणि विसरले असणार. घराण्यातच असेल हे.

बाबांनी जेवताना विचारलं, सिरॅमिक किती डिग्रीला भाजतात गं? मी म्हटलं, आठशे-नऊशे, का? म्हणाले, असंच, टीव्हीवर काहीतरी होतं.

आजपर्यंत खरेद्या बावीस.

३१ मे, शुक्रवार. हे मी शनिवारी सकाळी लिहितेय.

सकाळी अठ्ठावीस. मी मनाशी म्हटलं, पाच वाजता नकार पाठवायचा आणि घरी येऊन बाबांकडून कार्ड घेऊन ब्रेड आणायचा, निदान दिव्याचं तरी बघू. साडेअकराला मेसेज आला: चहा, चाळीस. एकोणतीस. एक वाजून वीस मिनिटांनी दुसरा. रेल्वे स्टेशन, तिकीट खिडकी. सहाशे चाळीस.

माझ्या हातातला साचा खाली पडला. कोणाच्या तरी खालच्या दाढा लॅबभर झाल्या. आत्याचे सासरे शेवटी असेच कुठल्यातरी गाडीत बसून गेले होते, तिसऱ्या दिवशी सापडले. मी सरांना एवढंच म्हणू शकले की बाबा स्टेशनवर आहेत. सरांनी स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली.

बाबा फोन उचलेनात. स्टेशनवर तिन्ही फलाट बघितले. घरी कुलूप. मग आठवलं, बटणाचं दुकान.

मी ते दुकान पहिल्यांदा बघत होते. चिंचोळं, आत लांबवर गेलेलं, दोन्ही भिंतींना छतापर्यंत छोटे खण, प्रत्येक खणावर एकेक बटण शिवलेलं, म्हणजे आत काय आहे ते कळावं. वर पोटमाळा. काउंटरमागे एक बाई स्टुलावर बसलेल्या, एक पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवलेला. त्यांनी न उठता एक दोरी ओढली. माळ्यावरून लाकडी खोका सावकाश खाली आला, काउंटरच्या कडेशी येऊन हलकेच थांबला, आणि एक बारीकशी घंटी वाजली. दोन पुली. पलीकडच्या टोकाला वजन म्हणून वाळूने भरलेला डबा. भिंतीवर बाबांच्या अक्षरातली पट्टी: कमाल वजन चार किलो, माणसांनी बसू नये.

मी दारातच उभी. बाईंनी मला नीट बघितलं, माझ्या बोटांवरचं गुलाबी मेण बघितलं.

"तू दातवाली. ये, बस. धाप टाकू नकोस, येतीलच ते."

मी विचारलं ते बरे आहेत ना, त्यांना सगळं आठवतं ना. बाई म्हणाल्या, आठवतं? मी त्यांना पहिल्या दिवशी सुट्टे नाहीत म्हणाले होते ते अजून ऐकवतात मला. मी म्हटलं, मग दर वेळी एकच बटण का? तेच ना, म्हणाल्या, मी सांगून थकले, डझन घ्या, सूट देते. म्हणतात सूट नको, माझ्या लेकीला आकडा हवाय. आणि दर वेळी वेगळं हवं. सगळ्या खणांतलं एकेक व्हायला हवं म्हणे. मी विचारलं, खण किती आहेत? त्यांनी वर बघत म्हटलं, सहाशे असतील.

खणापाशी गुडघ्याच्या मलमाची ट्यूब होती. काउंटरवर दोन रिकामे चहाचे ग्लास.

तेवढ्यात बाबा आले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, घाम. मला बघून दचकले नाहीत, घड्याळ बघितलं.

"पाच वाजले नाहीत ना? पाठवलंस काही?"

मी म्हटलं नाही.

"झाल्या तीस," बाबा म्हणाले आणि कार्ड आणि तिकीट माझ्या हातात ठेवलं. तिकीट माझ्या नावाचं होतं. नऊ जून, रविवार, सकाळची गाडी, खिडकी.

मी बराच वेळ ते उलटंसुलटं करत राहिले. मग तोंडातून निघालं तेही काय, तर हे जायचंच आहे फक्त, परतीचं कुठंय.

"परतीचं पुढच्या महिन्यात काढू," बाबा म्हणाले. "तेवढीच एक खरेदी वाढते."

बाई हसायला लागल्या. मग बाबाही, आणि या वेळी आवाजासकट. मी रडत होते, पण दुकानात तेव्हा एक गिऱ्हाईक आलं होतं, कोटाची चार बटणं सारखी हवी होती, म्हणून मी तोंड फिरवून खणांवरची बटणं बघत बसले. पाचच्या आत मोठ्या लॅबला कळवलं. येते.

पत्राबद्दल यांना कळलं कसं, हे विचारायचं राहिलंच.

३ जून, सोमवार

बँकेने शब्द पाळला. तीनशे अकरा. हिशोब करून बघितला, त्यात तिकिटाचेच बत्तीस आहेत. म्हणजे बाबांनी मला घराबाहेर काढलं आणि त्याबद्दल बँकेने मला बत्तीस दिले. दिव्याला अजून पंधराशे एकोणनव्वद हवेत. सरांना सांगितलं तर म्हणाले, तिथे प्रत्येक टेबलाला दिवा असतो, येडे.

आत्याला फोन केला. विसर वगैरे काही नाही म्हटलं. मग काय आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, मोजणी. आत्या म्हणाली, बरं.

९ जून, रविवार, सकाळ

बॅग बंद झाली. उभ्याउभ्या लिहितेय.

आता वाद मिटवू. पहिल्या पानावर मी कोणालातरी म्हटलं होतं, तुम्ही कोण ते माहीत नाही. काल रात्री वही चाळली तेव्हा डाग मोजले. मोजणीची सवय लागलीय ना. अकरा डाग. सगळे एकाच मापाचे, आणि ते माप आपल्या निळ्या कपाचं आहे, ज्याचा कान तुटलाय, ज्यातून या घरात एकच माणूस पितो. बाबा, दुसऱ्याची वही वाचायची तर निदान बशी घ्यायची.

वही टेबलावर ठेवून चाललेय, लपवत नाही. कार्डही इथेच ठेवतेय, वही उघडलीत की मिळेल. पिन तुम्हाला माहीत आहे. मेसेज माझ्या फोनवर येतील, तिकडे, दात भाजताना. सकाळी किराणा आला की समजेन उठलात. अकराला बटण आलं की समजेन खाली उतरलात. दोन चहांबद्दल मी काही विचारणार नाही. फक्त ते चाळीसच राहू देत, वीसवर आणू नका. आणि टपरीवाल्याला उगाच नावं ठेवली, त्याला माझा नमस्कार सांगा.

रोज एक म्हटलं तरी सहाशे खणांना वीस महिने लागतील. घाई करू नका.

आणि मी कंजूष नाही. हे तुम्ही आत्याच्या लग्नापासून म्हणत आलाय, मी रिबिनी परत दुकानात दिल्या म्हणून. त्यावर तुमच्याकडे उत्तर तयार असणार, मला माहीत आहे. पण तुम्ही आत्ता बाहेर लिफ्टच्या दारात पाय घालून उभे आहात आणि ओरडताय, की दार इतका वेळ धरून ठेवलं तर मोटर तापते. स्टेशनवरून परत येऊन हे वाचाल तेव्हा माझी गाडी तिसरं स्टेशन गाठेल.

आले, आले. निघाले.